रेडिओवरचा अदृश्य माणूस पडद्यावर दिसायला लागतो तेव्हा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच कळेल. रात्रीच्या लांबच्या प्रवासात तुम्ही 'द शॅडो' या जुन्या अमेरिकन रेडिओमालिकेचे काही भाग ऐकलेत आणि अंगावर काटा आला. मग त्याच नावाचा 1994 चा सिनेमा शोधून पाहिलात आणि हिरमोड झाला. अ‍ॅलेक बाल्डविनसारखा नट, पैसा ओतलेला, न्यूयॉर्क देखणं, तरी मनाला काहीच भिडलं नाही. तुम्ही विचारताय की रेडिओवरची गोष्ट पडद्यावर आली की मरतेच का. आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता, हळूच खरी गोम सांगितलीत: आजोबांनी लिहिलेली एक श्रुतिका, म्हणजे रेडिओसाठीचं नाटक, घरात जपून ठेवलेली आहे आणि तिच्यावर तुम्हाला लघुपट करायचाय.

तेव्हा मी शॅडोबद्दल बोलणार असलो तरी माझा एक डोळा आजोबांच्या त्या वहीवर राहील.

माझ्याबद्दल थोडंसं. मी आधी आकाशवाणीवर नैमित्तिक कलाकार होतो, पुढे तीसेक वर्षं श्रुतिका लिहिल्या, बसवल्या, पातीने टेप कापून चिकटपट्टीने जोडल्या. सुपात मोहरी घोळवून पाऊस पाडलाय आणि करवंट्या आपटून घोडेही पळवलेत. मधल्या काळात तीन-चार श्रुतिकांची पडद्यासाठी रूपांतरं केली. त्यातली एक इतकी साफ आपटली की तिच्यातून जेवढं शिकलो तेवढं बाकीच्या सगळ्यांतून मिळून शिकलो नाही. ती गोष्ट पुढे सांगतोच.

एक कबुली आधीच देतो. "सिनेमा फसला" हे कुणी पाहिलं, कुठल्या वयात पाहिलं, मूळ मालिका आधी ऐकली होती की नाही, यावर बरंच अवलंबून असतं. माझ्या भाच्याने हा सिनेमा दहाव्या वर्षी टीव्हीवर पाहिला आणि त्याला तो आजही आवडतो. त्याच्या कानात आधीचा आवाज नव्हता, म्हणून तुलना नव्हती. तुमच्या कानात तो होता. तेव्हा मी बोलतोय ते तुमच्या-माझ्यासारख्यांच्या निराशेबद्दल.

आता शॅडो मुळात होता तरी कोण? ही गंमत समजली की सिनेमाचं अर्धं दुखणं कळतं. 1930 मध्ये अमेरिकेतल्या स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनाने आपल्या रहस्यकथांच्या मासिकाची जाहिरात म्हणून रेडिओवर एक कार्यक्रम सुरू केला. त्यात मासिकातल्या कथा सादर व्हायच्या आणि निवेदकाला नाव दिलं होतं 'शॅडो'. म्हणजे नायक नाही, गुन्हे सोडवणारा नाही, नुसता निवेदक! पण त्याचा घोगरा आवाज आणि ते हसणं लोकांच्या डोक्यात असं बसलं की ते वृत्तपत्रविक्रेत्याकडे जाऊन "त्या शॅडोचं मासिक द्या" म्हणायला लागले. असं मासिकच नव्हतं. प्रकाशकाने 1931 मध्ये घाईघाईने ते काढलं आणि लिहायला बसवलं वॉल्टर गिब्सनला. गिब्सन स्वतः जादूचे प्रयोग करणारा माणूस, प्रसिद्ध जादूगार हुदिनीबरोबर काम केलेला. मॅक्सवेल ग्रँट या टोपणनावाने शॅडोच्या एकूण 325 कादंबरिका निघाल्या, त्यांतल्या 282 एकट्या गिब्सनच्या. हाताला फोड यावेत एवढं लिखाण.

गिब्सनचा शॅडो हाडामांसाचा माणूस आहे. काळा डगला, पुढे झुकलेली काळी हॅट, गरुडासारखं नाक, दोन हातांत दोन पिस्तुलं, बोटात लाल खड्याची अंगठी, शहरभर पेरलेले हस्तक. तो अंधारात मिसळून जातो, पण अदृश्य होत नाही. गंमत म्हणजे लॅमाँट क्रॅन्स्टन हे त्याचं खरं नावही नव्हे. क्रॅन्स्टन नावाचा श्रीमंत माणूस वेगळाच असतो आणि शॅडो सोयीपुरतं त्याचं रूप घेतो.

1937 मध्ये मालिका नव्या रूपात रेडिओवर आली तेव्हा लेखकांपुढे अडचण उभी राहिली. डगला, हॅट, नाक, खडा यांतलं रेडिओवर काय ऐकू येणार? काहीच नाही. तेव्हा त्यांनी सगळं काढून टाकलं आणि त्याच्या जागी एकच शक्ती दिली: समोरच्याच्या मनावर धुकं पसरवायचं, म्हणजे त्याला शॅडो दिसतच नाही. क्रॅन्स्टन हाच शॅडो झाला. मार्गो लेन ही सोबतीण त्याला मिळाली, आणि त्या अदृश्य आवाजाचा मालक कोण हे फक्त तिलाच माहीत. क्रॅन्स्टनचं काम करायला आला बावीस वर्षांचा ऑर्सन वेल्स. पुढच्याच वर्षी मंगळवासीयांच्या स्वारीचं नभोनाट्य करून ज्याने अमेरिकेची झोप उडवली, तोच. मार्गो होती अ‍ॅग्नेस मूरहेड. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आमच्या धंद्यातल्या माणसाने या युक्तीला हात जोडावेत. रेडिओवर सगळीच माणसं अदृश्य असतात, मग अदृश्य नायकाला वेगळा खर्च काय? क्रॅन्स्टन साध्या माइकवर बोलायचा. शॅडो झाला की आवाज फिल्टरमधून जायचा, टेलिफोनवरून आल्यासारखा चिरका आणि पोकळ. आवाजाचा पोत बदलला की ऐकणाऱ्याला कळायचं, आता खोलीतल्या गुंडांना तो दिसत नाहीये. आणि ऐकणाऱ्यालाही तो कधीच दिसलेला नाही! गुंड आणि श्रोता एकाच अंधारात उभे. तुमच्या अंगावर काटा आला तो इथून. गुंडाइतकेच तुम्हीही आंधळे होतात.

1954 च्या डिसेंबरात मालिका संपेपर्यंत ही युक्ती चालली. मध्ये नट बदलले, लेखक बदलले, तिला काही झालं नाही. (बरीच वर्षं प्रायोजक होती एक कोळसा कंपनी. आपला कोळसा ओळखू यावा म्हणून ती त्याला निळा रंग फासायची.)

आता 1994 चा सिनेमा. पटकथा डेव्हिड केपची, जुरासिक पार्कच्या पटकथेचा सहलेखक. म्हणजे माणूस कच्चा नाही. दिग्दर्शक रसेल मुल्केही. तो मूळचा म्युझिक व्हिडिओंचा माणूस, आणि एमटीव्ही सुरू झाली तेव्हा तिच्यावर जो पहिला व्हिडिओ लागला, 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', तो यानेच केला होता. नियती कधीकधी आमच्यापेक्षा ढोबळ विनोद करते.

1989 मध्ये बॅटमॅन तुफान चालला. तेव्हापासून हॉलिवूडला तीस-चाळीसच्या दशकांतले जुने नायक आठवायला लागले. डिक ट्रेसी आला, शॅडो आला, 1996 मध्ये आपल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळसुद्धा आला. उफराटं म्हणजे बॅटमॅनची पहिली कथा शॅडोच्याच एका कथेवर बेतलेली होती, हे तिच्या लेखकाने, बिल फिंगरने, पुढे मान्य केलं. बापाला मुलाची नक्कल करायची वेळ आली. ज्यांनी मूळ मालिका लहानपणी ऐकली ते 1994 मध्ये पन्नाशीच्या पुढे होते, आणि पोरांना शॅडो कोण हे ठाऊक नव्हतं. त्याच उन्हाळ्यात लायन किंग गर्दी खेचत होता. सुमारे 4 कोटी डॉलर खर्चाच्या सिनेमाने अमेरिकेत 3 कोटींच्या थोडे वर मिळवले. पण गल्ल्यावरून मी सिनेमाची परीक्षा करत नाही. गल्ला भरला असता तरी तुम्हाला जे खटकलं ते खटकलंच असतं.

खटकलं काय ते सांगतो. सिनेमाने दोन्ही शॅडो घेतले. रेडिओकडून अदृश्य होणं, मार्गो आणि हसणं उचललं. मासिकाकडून डगला, हॅट, लाल मफलर, मोठं नाक, दोन पिस्तुलं, अंगठी आणि हस्तकांचं जाळं घेतलं. कागदावर वाटतं, वा, सगळंच मिळालं. पण जरा विचार करा. जो दिसतच नाही त्याला डगला कशाला? त्याला काळ्या हॅटचा आणि नकली नाकाचा काय उपयोग? जो समोरच्याचं मन ताब्यात घेऊ शकतो त्याला दोन पिस्तुलं का लागावीत? मासिकातला शॅडो दिसतो, म्हणून त्याला वेष लागतो. रेडिओवरचा दिसत नाही, म्हणून त्याला आवाज पुरतो. दोघांचे गुण एकत्र केले की दोघांची गरजच संपते. सोल आणि पाणी दोन्ही घातलं की सोलकढी होत नाही, नारळाचं दूधही लागतं. इथे ते दूध म्हणजे या माणसाच्या मर्यादा. नायकाला काय जमत नाही, हे प्रेक्षकाला कळलं नाही तर त्याच्यासाठी जीव कसा खालीवर होणार?

खरं तर सिनेमाकडे एक सुंदर नियम होता. सुरुवातीलाच सांगितलं जातं की त्याला सगळं लपवता येतं, स्वतःची सावली मात्र लपवता येत नाही. अरे, हीच तर पडद्यावरची गोष्ट! रेडिओत आवाज उघडा पडतो, सिनेमात सावली उघडी पडेल. प्रत्येक प्रसंगात दिवा कुठे आहे, भिंत कुठे आहे, यावर प्रेक्षकाचा श्वास अडकवता आला असता. सावलीचा उपयोग होतो, नाही असं नाही, पण अधूनमधून, सजावटीसारखा. मग संगणकाचे धूर, चेहऱ्याचे बदल, दात विचकणारा आणि चावणारा खंजीर, यांचा पूर येतो.

तुलनेसाठी आपला 1987 चा मिस्टर इंडिया आठवा. नायक अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात दिसतो. एवढाच नियम. लाल रंग दिसला की थिएटरातल्या पोराटोरांचाही जीव वर यायचा. आणि तो अदृश्य असताना आपल्याला काय दाखवलं? हवेत तरंगत येणारी हनुमानाची मूर्ती आणि तिचा मार खाऊन गांगरलेले लोक. म्हणजे मार खाणाऱ्याचा चेहरा दाखवला आणि मारणारा आपल्यावर सोडला. रेडिओत आम्ही नेमकं हेच करतो. भूत बोलत नाही, भूत पाहणारा किंचाळतो.

आता माझी आपटलेली गोष्ट. नव्वदीत एका निर्मात्यासाठी मी माझीच एक श्रुतिका टीव्हीसाठी लिहिली. वाड्यात एकटा राहणारा म्हातारा, धाकटा भाऊ वारलेला, आणि रात्री ओटीवरचा झोपाळा कुरकुरतो. बस. रेडिओवर आम्ही खरा कडीचा झोपाळा एका जुन्या घरात जाऊन मुद्रित केला होता. ती कुरकुर लयीत यायची, मग एक ठोका चुकायचा, जणू कुणी पाय टेकला. लोकांची पत्रं आली होती. एका बाईंनी लिहिलं, आम्ही झोपाळा काढून माळ्यावर टाकला.

टीव्हीवर काय केलं? मासेमारीचा दोरा बांधून झोपाळा आपोआप हलताना दाखवला. निळा दिवा, थोडा धूर. पहिल्या प्रक्षेपणाच्या रात्री माझ्याच घरात माझी मुलं हसली. दिग्दर्शकाला दोष देऊन चालणार नाही, "झोपाळा हलताना दिसतो" हे वाक्य संहितेत मीच लिहिलं होतं. रेडिओवर ऐकणारा मनात विचारत होता, झोपाळ्यावर कोण आहे? पडद्यावर आम्ही उत्तर दिलं: कुणी नाही, रिकामा आहे. उत्तर दिलं आणि प्रश्न मेला. पुढे कितीतरी वर्षांनी सुचलं की म्हाताऱ्याला आत माजघरात ठेवायला हवं होतं, झोपाळ्याकडे पाठ करून, आणि कॅमेरा त्याच्या मानेवर. कुरकुर चालू असताना ती मान वळते की नाही, एवढंच दाखवायचं.

शॅडोच्या सिनेमात हे कुणाला कळलंच नव्हतं असं नाही. न्यूयॉर्कमधला पहिला प्रसंग पुन्हा पाहा. धुक्यातला पूल, एका शास्त्रज्ञाचे पाय सिमेंटमध्ये, गुंड त्याला नदीत ढकलण्याच्या बेतात, आणि कुठूनतरी ते हसणं. गुंड चहूकडे गोळ्या झाडतो, काहीच दिसत नाही, मग हवेतूनच ठोसे. हा प्रसंग शंभर टक्के रेडिओचा आहे आणि सिनेमातला सगळ्यात चांगला हाच. दुसरी मला आवडलेली जागा म्हणजे शहराच्या पोटातून नळ्यांमधून हवेच्या जोराने धावणारं निरोपाचं पुंगळं. कॅमेरा त्याच्या मागे सुसाट जातो. इथे सिनेमा रेडिओची नक्कल करत नाही, स्वतःचं काहीतरी करतो, आणि छान करतो. जेरी गोल्डस्मिथचं संगीतही उत्तम. म्हणजे कसब होतं. पण पुलाच्या आधीच घोडचूक होऊन गेली होती.

ती म्हणजे तिबेट. क्रॅन्स्टनला ही शक्ती कुठून मिळाली? रेडिओवर निवेदक दर भागाला एका वाक्यात उरकायचा: काही वर्षांपूर्वी पूर्वेकडे फिरताना तो हे रहस्य शिकला. एका शब्दात, "पूर्वेकडे". पुढचं ऐकणाऱ्याने आपलं आपण भरायचं. सिनेमा मात्र तिबेटात सुरू होतो. क्रॅन्स्टन अफूच्या धंद्यातला क्रूर सरदार, मग गुरू, मग खंजीर, मग शिक्षा, मग दीक्षा. पहिल्या दहा मिनिटांत सगळं सांगून मोकळे. पुलावर तो हसतो तेव्हा आपल्याला त्याच्याबद्दल काहीच प्रश्न उरलेला नसतो. आणि हो, पूर्वेकडची जादू ही पाश्चात्त्यांची जुनी खोड रेडिओवर एका शब्दात निसटून जाते, पडद्यावर मात्र तिला चेहरा, दाढी, झगा आणि चंगीझ खानाची शवपेटी मिळते. आपल्याकडच्या माणसाला ते पाहताना जरा कसनुसंच होतं.

कल्पना वाईट नव्हती. ज्याने स्वतः पाप केलं त्यालाच माणसाच्या मनातलं पाप कळतं. मालिकेच्या सुरुवातीचा प्रसिद्ध प्रश्न तोच आहे, माणसांच्या मनात कसला दुष्टपणा दडलाय कुणाला ठाऊक, आणि उत्तर, शॅडोला ठाऊक. त्याला ठाऊक का, याचं उत्तर सिनेमाने शेवटपर्यंत राखून ठेवलं असतं, ते मार्गोला कळण्याची भीती घातली असती, तर 108 मिनिटं पुरली असती. रेडिओचा भाग अर्ध्या तासाचा, त्यात जाहिराती. तिथे शॅडो म्हणजे अडचणीवरचा उपाय, मध्यावर आला तरी चालतो. पावणेदोन तासांच्या सिनेमात नायक नुसता उपाय असून भागत नाही, तोच अडचण व्हावा लागतो.

मार्गोचंही तेच. रेडिओत नायकाला सोबतीण का लागते? प्रेमासाठी नव्हे. त्याच्या डोक्यातले विचार ऐकू येत नाहीत, म्हणून ते कुणालातरी बोलून दाखवावे लागतात. सिनेमात ती गरज नाही, तर तिला दुसरं काम द्यायला हवं होतं. त्यांनी तिला मनातलं ऐकण्याची शक्ती दिली! म्हणजे जी मूळ मालिकेत माणसाचा आवाज ऐकायला होती, तिला आता आवाजाचीच गरज उरली नाही.

तुम्ही म्हणाल, हा एकच सिनेमा झाला. 1936 मध्ये डेट्रॉइटच्या रेडिओवर सुरू झालेल्या 'ग्रीन हॉर्नेट'चा 2011 चा सिनेमा वेगळ्या कारणाने फसला. तिथे मूळ गंमत अशी की वृत्तपत्राचा मालक असलेला नायक स्वतः गुन्हेगार असल्याचं सोंग करतो, आणि पोलीसही त्याच्या मागे असतात. सिनेमाने त्याला उनाड, बावळट श्रीमंत पोरगा केला. सोंगातला धोका गेला, हशा राहिला. गल्ला मात्र याने बरा जमवला. साठच्या दशकातल्या टीव्हीमालिकेत ब्रूस लीने त्यातल्या सोबत्याचं, केटोचं, काम केलं होतं आणि नायकापेक्षा लोकांच्या लक्षात तोच राहिला. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल, इथे नको.

मग रेडिओवरचं पडद्यावर जमतच नाही का? जमतं. अ‍ॅग्नेस मूरहेड आठवते ना? तिने 1943 मध्ये रेडिओवर 'सॉरी, राँग नंबर' हे नाटक केलं. अंथरुणाला खिळलेली एक बाई, फोनच्या लायनी एकमेकींत घुसतात आणि तिला खुनाचा बेत ऐकू येतो. जवळजवळ सगळं नाटक एका बाईच्या आवाजावर. लेखिका लुसिल फ्लेचर. 1948 मध्ये त्याचा सिनेमा झाला, पटकथा फ्लेचरचीच. मूरहेडऐवजी बार्बरा स्टॅनविक आली आणि तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. लांबी वाढवायला भूतकाळाचे तुकडे घातले आहेत, ते मला रेंगाळलेले वाटतात. पण खोलीत परत आलं की सिनेमा मान पकडतो. कारण फोन शाबूत आहे. बाई आपल्याला दिसते, पण तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते तिलाही नीट कळत नाही आणि आपल्यालाही नाही. डोळ्याला चेहरा दिला, कानाची भीती तशीच ठेवली.

आता आजोबांची वही. ती मी पाहिलेली नाही, त्यामुळे हातचं राखून बोलतो. कौटुंबिक विनोदी श्रुतिका असेल तर वरचं बरंचसं लागू होणार नाही, तिथे अडचण वेगळी. आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालिकेतले टेकाडे भाऊजी आणि मीनावहिनी घराघरांत होत्या, पण प्रत्येक घरात वेगळ्या दिसायच्या. आमच्या आईचे भाऊजी जाडे होते, मावशीचे काडीपैलवान. असं पात्र पडद्यावर आणलं की अर्ध्या लोकांना "हा तो नव्हे" वाटणारच. पण तुमच्या आजोबांची श्रुतिका आज फारशी कुणाला आठवत नसेल, तर ही भीती तुम्हाला नाही. नट तुमच्या मनाप्रमाणे घ्या.

रहस्याची किंवा भयाची असेल तर असं करा. चार जण गोळा करा, खोलीत अंधार करा आणि संहिता मोठ्याने वाचून घ्या. वाचणाऱ्यांच्या हातात छोटी विजेरी, बाकी काही नको. तुम्ही एका कोपऱ्यात पडून नुसतं ऐका. जिथे तुमच्या मनात आपोआप चित्र उभं राहील त्या ओळीवर नंतर खूण करा. नवखा माणूस म्हणतो, वा, हे दृश्य मिळालं, घ्या कॅमेरा. मी उलटं सांगेन. नेमकं तेच दाखवू नका, कारण ते काम आजोबांनी करून ठेवलंय, ते शब्दांत आणि आवाजात आहेच. ज्या ओळींवर काहीच दिसलं नाही, नुसता "बरं", "हो का", "पाणी देऊ?" असला सुका संवाद होता, तिथे कॅमेऱ्याला जागा आहे. ते बोलताना माणसाचे हात काय करत होते, हे आजोबांना रेडिओवर सांगता आलं नव्हतं. तुम्हाला सांगता येईल.

श्रुतिकेत निवेदक असेल तर त्याला लगेच हाकलू नका. आणि अमक्याला असं का होतं याचा खुलासा आजोबांनी एका वाक्यात केला असेल, तर तुम्ही त्याचा प्रसंग करू नका. त्यांनी तो केलाच नसेल तर अजिबात करू नका. कुणीतरी मित्र म्हणेलच की लोकांना कळणार नाही. कळू नये म्हणूनच तर ती गोष्ट लिहिलेली असते.

लांबी पंधरा मिनिटांच्या पुढे नेऊ नका, श्रुतिका अर्ध्या तासाची असली तरी. आवाजाने जे सांगायला एक मिनिट लागतं, ते चेहऱ्यावर पाच सेकंदांत येतं. उरलेला वेळ भरत बसलात की तुमचंही तिबेट होईल.

आणि हक्काचं बघा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांपर्यंत लेखनाचा हक्क वारसांकडे असतो, पण आजोबांनी रेडिओशी केलेल्या करारात काय लिहून दिलं होतं, तो कागद शोधा. जुनं ध्वनिमुद्रण मिळालं तर त्याचा हक्क वेगळा असतो, ते तसंच उचलून सिनेमात वापरता येत नाही. वारसांत काका, आत्या, सगळे येतात. प्रत्येकाची सही आत्ताच घ्या. लघुपट कुठे गाजला की मग कुणालातरी आठवतं की वही मुळात आपल्याकडे होती.

शेवटचं एक. आजोबांनी संहितेच्या समासात पेन्सिलीने काही लिहिलं असेल. "दुरून", "माइकपासून तोंड फिरवून", "थांबा", अशा खुणा त्या पिढीतले सगळेच करायचे. टायपिंगला देताना टायपिस्ट त्या हमखास गाळतो, त्याला तो कचरा वाटतो. तुम्ही स्वतः बसून त्या उतरवून घ्या. "थांबा"च्या खाली कुठे दोन रेघा मारलेल्या दिसल्या तर ती जागा मला कळवा. कॅमेरा कुठे ठेवायचा ते मग आपण बोलू.